ताऱ्याचा खाडा

यवतच्या स्टँडवर बस थांबली आणि खिडकीतून मला मीच दिसले. दहा फूट रुंद, आठ फूट उंच. बारावीच्या हॉल तिकिटावर माझा एक फोटो आहे, ज्यात डावा डोळा अर्धा मिटलाय. तोच फोटो मोठा करून फ्लेक्सवर लावला होता. मागे निळं आकाश, त्यात कडं असलेला शनी, एक उडतं रॉकेट आणि का कोण जाणे, एक सूक्ष्मदर्शक. वर भगव्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘खाडा करणारा तारा शोधल्याबद्दल आमच्या भाचीचे हार्दिक अभिनंदन!’ खाली लंबगोलांत चोवीस शुभेच्छुक, आणि मधोमध गॉगल लावलेले माझे मामा.

कंडक्टर म्हणाला, “ताई, उतरायचंय ना? का फोटोच बघत बसायचंय?” मग त्याने फ्लेक्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फ्लेक्सकडे पाहिलं. “तुम्हीच का त्या?”

“नाही,” मी म्हणाले आणि उतरले.

तो तारा मी शोधला नव्हता. तो शास्त्रज्ञांना माझ्या जन्माआधीपासून माहीत होता. मी शोधला होता तो त्याचा खाडा. निदान त्या शनिवारी दुपारपर्यंत तरी मला तसं वाटत होतं.

हे कसं झालं ते नीट सांगायचा प्रयत्न करते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. वडील, म्हणजे आमचे आप्पा, गुळव्या आहेत. गावाबाहेरच्या गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतो, आणि त्याचा गूळ नेमका कोणत्या क्षणी झाला हे ओळखायचं काम त्यांचं. मी शिरूरला एम.एस्सी. करते, भौतिकशास्त्रात. तिथे दोन मुलींबरोबर खोली घेतली आहे. महिन्यातून एकदा न्हावऱ्याच्या रस्त्याने चौफुल्यापर्यंत यायचं, तिथून यवत, आणि तिथून आत आमचं गाव.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. वर्गातल्या बाकीच्यांनी सौर पॅनेल वगैरे घेतले. मी मॅडमच्या केबिनबाहेर इतका वेळ घुटमळले की सगळे विषय वाटून झाले. मग मॅडमनी त्यांच्या आवडीचा एक विषय मला दिला, जो कुणीच घेतला नव्हता. न्यूट्रॉन ताऱ्यांवरचे क्ष-किरणांचे स्फोट.

घरी हे सांगणं हा वेगळाच प्रोजेक्ट होता. गावात सगळ्यांना वाटायचं की मी रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसते. आई फोनवर रोज विचारायची, “थंडी वाजत आसंल गं, स्वेटर घालतीस ना?” मी सांगायचे, अगं, क्ष-किरण हवेतून खाली येतच नाहीत, त्यासाठी वर उपग्रह ठेवलेत. त्यांनी गोळा केलेली माहिती इंटरनेटवर मिळते. मी दुपारी लॅबमध्ये पंख्याखाली बसून ती बघते. “तरी पन घाल,” आई म्हणायची.

न्यूट्रॉन तारा म्हणजे एका मोठ्या ताऱ्याचा मेल्यानंतर उरलेला गाभा. वजनाला आपल्या सूर्याहून भारी, आणि रुंदीला यवतपासून पाटसपर्यंत, बस. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बसमधून ते अंतर मुद्दाम डोळे उघडे ठेवून पाहिलं. एका टोकाला धाबे, दुसऱ्या टोकाला साखर कारखाना, आणि एवढ्यात सूर्य दाबून बसवायचा! अशा काही ताऱ्यांच्या शेजारी एक साधा तारा असतो. हा त्याच्याकडून वायू ओढून घेतो. तो वायू, म्हणजे हायड्रोजन आणि हेलियम, याच्या अंगावर साचत जातो. थर काही मीटरचाच होतो, पण तिथे वजन इतकं असतं की तो खालून दबतो, तापतो, आणि एका क्षणी अख्खा थर एकदम पेटतो. चुलीसारखा नाही. अणूंचे गाभे एकमेकांत मिसळतात. सूर्याच्या पोटात जे काम सावकाश चालतं, ते इथे काही सेकंदांत उरकतं. क्ष-किरणांचा भडका उठतो, निवतो, आणि ताऱ्याला काही म्हणजे काही होत नाही. वायू परत साचायला लागतो. काही तासांनी परत भडका.

माझ्या वाट्याला आलेला तारा तर घड्याळासारखा वागणारा होता. जवळपास वीस तासांची माहिती होती आणि तिच्यात पाच भडके. मी ते पहिल्यांदा कागदावर पाहिले तेव्हा मला ते फार आवडले. सरळ रेघ चाललीय, मग एकदम सुळका, आणि परत सरळ रेघ. दोन भडक्यांमध्ये तीन तास चाळीस मिनिटं. पुन्हा तीन तास चाळीस मिनिटं. मग मात्र सात तास वीस मिनिटं काहीच नाही. त्यानंतर चौथा भडका, आणि परत तीन तास चाळीस मिनिटांनी पाचवा.

मी चार वेळा मोजलं. तारा एक भडका चुकवून गेला होता. कामावर आलाच नव्हता.

मॅडम तेव्हा पेपर तपासायला बाहेरगावी होत्या. मी त्यांना चित्र मोबाइलवर पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, ‘अरे वा! वेगळं दिसतंय. आले की बघू. तोवर सगळं तपासून ठेव.’ मी लिहिलं, ‘हो मॅडम, तपासलंय.’ आणि खरंच तपासलं होतं. मला जे जे तपासायचं सुचलं ते सगळं.

त्या दिवशी आईचा फोन आला तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणाले, आई, मला काहीतरी सापडलंय, कदाचित. ताऱ्याने एक खाडा केलाय, आणि तो मी पकडलाय. आईला ‘खाडा’ कळला आणि ‘कदाचित’ कळला नाही. तिने तिच्या भावाला सांगितलं. मामांचं यवतला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि शेजारच्या गाळ्यात फ्लेक्सवाला. बाकीचं तुम्ही वर वाचलंच.

शनिवारी मी घरी दप्तर टाकलं तेव्हा आईने उरलेली बातमी दिली. उद्या, रविवारी अकरा वाजता मारुतीच्या देवळासमोर माझा सत्कार. मंडप सांगितलाय. सरपंच येणार. शाल, श्रीफळ, फेटा.

“फेटा कशाला?” मी म्हणाले.

“तुझ्या मामाला इचार. त्यानं धा मागिवल्यात.”

मी सरळ गुऱ्हाळाकडे निघाले. काही घाबरवणारं झालं की मी लहानपणापासून तिकडेच जाते.

आमच्याकडे गुऱ्हाळाचा एक नियम आहे. काहिलीतला रस चढायला लागला की गुळव्याशी कुणी बोलायचं नाही. मालक असो, पाहुणा असो, फौजदार असो. आप्पा मागे न वळता फक्त डावा हात वर करतात, आणि तो हात खाली येईपर्यंत जग थांबतं. माझ्या जन्माची बातमी घेऊन आलेला माणूस म्हणे पाऊण तास उसाच्या मोळीवर बसून होता. आधण उतरलं, म्हणजे ती काहीलभर उकळ गूळ होऊन बाहेर ओतली गेली, तेव्हा कुठे त्याला विचारलं, “काय रे, काय झालं?” तोपर्यंत तो मुलगा की मुलगी हे विसरला होता. तसाच परत विचारायला गेला.

मी पोहोचले तेव्हा आधण नुकतंच ओतलं होतं. आप्पा गळ्यातल्या पंच्याने तोंड पुसत होते. खाली चुलवणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, उसाचं चिपाड सारणारा बिहारचा दादा खड्ड्यातून नुसतं डोकं बाहेर काढून हवा खात होता.

“आलीस व्हय?” आप्पा म्हणाले. “यवतला बघितलं का, केवढी टांगलीया तुला?”

“बघितलं. तुम्ही बघितलं?”

“काल गेल्तो. डोळा मिटलाय.” मग म्हणाले, “पन तू काय शोधलंस ते मला कुणी धड सांगंना. तुझा मामा म्हनला, तारा कामाला येत न्हाई.”

मग मी सांगितलं. खरं तर गुऱ्हाळाची उपमा द्यायची मला लाज वाटत होती. वर्गात कुणी दिली असती तर मी खाली मान घातली असती. पण समोर काहील होती. दुसरं काही सुचेना. चरकातून रस येतो तसा शेजारच्या ताऱ्याचा वायू येतो, म्हटलं. साचतो, तापतो, आणि मग एकदम भडका. भडका म्हणजे तुमचं एक आधण समजा.

आप्पा ऐकताना मान हलवत नाहीत. चव घेतल्यासारखे ऐकतात.

“रस सारखाच येतोय?”

“हो. कमी नाही, जास्त नाही. ते मोजलंय मी.”

“मधी चरक बंद पडला नव्हता?”

“नाही.”

“आन् आधण दर पावनेचार तासानं.”

“तीन तास चाळीस मिनिटं.”

“बरं, चाळीस. आन् एकदा दुप्पट येळ गेला.”

“हो. तिथंच त्यानं खाडा केला ना.”

आप्पांनी काहिलीच्या काठावर चिकटलेला गूळ उलथन्याने खरवडला, एक तुकडा मला दिला, एक खड्ड्यात दिला.

“मग पुढलं आधण दुप्पट निघालं का?”

“म्हणजे?”

“म्हंजी काय म्हंजी? रस यायचा थांबला न्हाई म्हंतीस. एक आधण उतरलं न्हाई म्हंतीस. मग त्यो रस गेला कुठं? काहिलीतच बसला आसंल ना? मग पुढच्या येळंला दुप्पट गूळ निघाया पायजे.” त्यांनी बोट चाटलं. “आन् न्हाई निघाला, तर मधलं आधण उतारलंय. तू तवा तिथं नव्हतीस.”

खड्ड्यातून आवाज आला, “दीदी खाना खाने गई होगी।”

दोघेही हसले. मीही हसले, पण अर्धंच.

“आप्पा, मी नसले तरी उपग्रह होता ना तिथं.”

“आसंल बाबा. मला त्याचं काय ठावं? मी रसाचं बोललो.” आणि ते वळले. चरकातून नवा रस काहिलीत पडायला लागला होता, आणि पुढचे दीड-दोन तास त्यांना माझा उपयोग नव्हता.

मी घरी जवळजवळ पळत आले. ओट्यावर लॅपटॉप उघडला. आई शेजारी उद्याच्या पाहुण्यांसाठी शेंगदाणे निवडत बसली होती. चौथा भडका, म्हणजे खाड्यानंतरचा, मी तिसऱ्याशेजारी मांडला. दुप्पट तर सोडाच, दोघे जुळे भाऊ वाटावेत इतके सारखे होते. उंची तीच, रुंदी तीच, बाहेर पडलेली एकूण ऊर्जा तीच.

मग रस गेला कुठे?

माझं चित्र काढणारा प्रोग्राम मीच लिहिला होता. त्याला मी सांगून ठेवलं होतं, सगळे ठिपके रेघेने जोड. छान दिसतं म्हणून. आता ती सूचना काढली आणि परत चित्र मागवलं. माझी सुंदर सलग रेघ जागोजाग तुटली. ठिपक्यांच्या झुंडी, आणि मध्ये मोकळी, कोरी जागा. उपग्रह पृथ्वीभोवती दीड तासात एक फेरी मारतो, आणि प्रत्येक फेरीत अर्ध्या तासाहून जास्त वेळ आपली पृथ्वीच त्याच्या आणि ताऱ्याच्या मध्ये येते. त्या वेळात त्याला काहीही दिसत नाही. हे मला पाठ होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते. पण माझ्या प्रोग्रामने अलीकडचा ठिपका पलीकडच्या ठिपक्याला जोडून टाकला होता, आणि त्या रेघेला मी ‘शांतता’ समजले होते.

तिसऱ्या भडक्याच्या वेळेत तीन तास चाळीस मिनिटं मिळवली. उत्तर एका कोऱ्या जागेच्या बरोब्बर आत पडलं. तारा कामावर आला होता. वेळेवर आला होता. आम्ही पृथ्वीच्या मागे होतो.

“काय गं, काय झालं?” आईने विचारलं.

“आई, तारा खाडा करत नाही.”

“मग चांगलंच झालं की,” आई म्हणाली. “कामाचा हाय म्हनायचा.”

“अगं, पण उद्याचा सत्कार खाड्याचा आहे.”

आईचा हात सुपात थांबला.

मी मामांना फोन लावला. मागे कुठेतरी डीजेची चाचणी चालू होती. “मामा, मला एक सांगायचंय, ते ताऱ्याचं...” “उद्या, उद्या!” मामा ओरडले. “उद्या माईकवरच बोल! आत्ता मी फेट्याच्या दुकानात हाय. तुला गुलाबी का केशरी?” मी म्हणाले, मामा, ऐका तरी. “केशरीच घेतो!” आणि फोन बंद.

मग मॅडमना लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, “मी चित्र मोबाइलवर बघितलं. कोऱ्या जागा कुठे आहेत, हे मीच विचारायला हवं होतं. पण भडका दुप्पट झाला का हा मुद्दा तुला कुठे मिळाला? तो मी पुढच्या महिन्यात शिकवणार होते.”

“आप्पांनी विचारलं. म्हणजे वडिलांनी. ते गुळव्या आहेत.”

मॅडम हसायला लागल्या. माझ्यावर नाही, हे कळत होतं. “प्रोजेक्टला काही होत नाही,” त्या म्हणाल्या. “आकडे सगळे खरे आहेत, फक्त वाक्य बदलायचंय. गावातलं काय करायचं ते मात्र तुझं तू बघ.”

गावातलंच तर अवघड होतं. खरं सांगते, गप्प बसायचा विचार माझ्या मनात आला. कुणाला काय कळणार होतं? शाल घ्यायची, फेटा बांधून घ्यायचा, सोमवारी शिरूर गाठायचं. फ्लेक्स आठ दिवसांत उतरतोच. उलट, खरं बोलले तर मामा चोवीस लंबगोलांसमोर तोंडघशी पडणार. आणि शिकायला गेलेल्या मुलीकडे गाव एकदाच काय ते नीट बघतं. त्या एका वेळी तिने ‘चुकले’ म्हणायचं?

दिवेलागणीला आप्पा आले. हातपाय धुतले, पाटावर बसले, आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाले, “निघालं का दुप्पट?”

“नाही.”

“मग?”

“मधलं आधण मला दिसलं नाही.”

“सांग मग उद्या.”

“लोक हसतील, आप्पा.”

“हसू दे की. कच्चा गूळ ढेपंत घातला तर त्या दिशी कुनाला कळत न्हाई. चार म्हैन्यानं पाझराया लागतो. तवाचं हसनं लई वंगाळ.” मग आईला म्हणाले, “भाकर वाढ.”

रविवारी मंडपात आमच्या गावातली आणि मामांच्या ओळखीची मिळून बरीच माणसं होती. माझ्या डोक्यावर केशरी फेटा. सरपंच कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. आप्पा नव्हते. ऊस तोडून पडला की तो वाट बघत नाही. सरपंचांनी भाषणात सांगितलं की आपल्या गावचं नाव आता अंतराळात गेलं आहे. मामांनी शाल उलगडली. मी म्हणाले, “मामा, शालीचं जरा थांबा. आधी बोलू द्या.”

माईक हातात आल्यावर मला काहीच आठवेना. मी घरून एक कागद लिहून आणला होता, तो फेटा बांधताना कुठेतरी पडला होता.

“मी चुकले,” मी म्हणाले. माईकने ते दोनदा म्हटलं. “तारा खाडा करत नाही.”

पहिल्या रांगेत आमच्या गल्लीतले एक आबा बसले होते, ज्यांना ऐकायला कमी येतं आणि म्हणून ते सगळं मोठ्याने विचारतात.

“म्हंजी त्यो कामाला येत व्हता?”

“हो, आबा.”

“टायमावर?”

“अगदी टायमावर.”

“मग खाडा कुनी केला?”

“मी केला, आबा. म्हणजे आमचा उपग्रह पृथ्वीच्या मागे गेला होता तेव्हाच भडका झाला. मागे गेला होता हे मी बघायला पाहिजे होतं. ते राहिलं.”

आबांनी ते थोडा वेळ चघळलं. “म्हंजी मुकादम झोपला आन् मजुराचा खाडा मांडला!”

मंडपातले सगळे हसले. खूप वेळ हसले. मीही शेवटी हसले, कारण आबांनी माझ्या अख्ख्या प्रोजेक्टचा निष्कर्ष एका वाक्यात सांगितला होता. मागून कुणीतरी म्हणालं, “पोरगी खरं बोलली, पर मंडप वाया गेला.” दुसरा म्हणाला, “नाश्ता तर हाय ना?”

मामा मात्र हसत नव्हते. उलगडलेली शाल हातात धरून उभे होते. कान लाल झालेले. शालीची घडी करावी की ती मला घालावी हे त्यांना कळत नव्हतं, आणि त्या क्षणी मला त्यांचं फार वाईट वाटलं. माईकपासून तोंड वळवून ते मला म्हणाले, “मग चूक सापडिवली कुनी? तुझ्या मॅडमनं?”

“आप्पांनी.”

“दाजींनी?” मामांनी शालीकडे पाहिलं. “आमच्या दाजींनी? ताऱ्याची?”

“त्यांनी विचारलं, रस गेला कुठं. त्यावरूनच सापडली.”

मामांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. फ्लेक्सवरच्यासारखा झाला, फक्त गॉगल नव्हता. त्यांनी माझ्या हातून माईक घेतला. “मंडळी! कार्यक्रम संपल्याला न्हाई! सत्कारमूर्ती बदललाय! चला गुऱ्हाळावर!”

आणि खरंच सगळे निघाले. पुढे मामा शाल घेऊन, मागे नारळाचं तबक घेऊन आई, सरपंच, आबा, आणि नाश्त्याच्या पुड्या हातात घेऊन बाकीचे. डीजेवाला विचारत होता, वाजवायचं का. कुणी त्याला उत्तर दिलं नाही.

आम्ही गुऱ्हाळात शिरलो आणि मामांनी “दाजी!” म्हणायला तोंड उघडलं. आप्पांचा डावा हात वर गेला.

काहील चढली होती. पिवळा फेस काठाला टेकला होता. आप्पांची आमच्याकडे पाठ. मामांनी तोंड मिटलं. सरपंच थांबले. दारातून येणारे एकेक करत थांबले, आणि बघता बघता अख्खा सत्कार समारंभ काहिलीभोवती मुका उभा राहिला. धुराने डोळ्यांत पाणी यायला लागलं. सरपंचांच्या पांढऱ्या सदऱ्यावर काजळीचे ठिपके पडत होते आणि ते झटकायलाही हलत नव्हते. खड्ड्यातून बिहारच्या दादाने डोकं वर काढलं, फेटे पाहिले, आणि परत आत घेतलं. मामांचा फोन वाजला, चांगला मोठ्याने. सगळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी तो शालीत गुंडाळून काखेत दाबला. काखेतून तो बराच वेळ गात राहिला.

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. मी, जी सगळं मोजते. आप्पांनी थोडा पाक पाण्यात टाकला, बोटांत वळून गोळी केली, बघितली. “उतरा,” म्हणाले. काहील उचलली गेली, सोनेरी लोंढा खाली गूळ निववायच्या वाफ्यात पसरला, आणि हात खाली आला. मग ते वळले. समोर सरपंच, फेटे, नारळ, रडून लाल झालेले वीस-पंचवीस जणांचे डोळे.

“काय झालं?” आप्पा घाबरून म्हणाले. “कोन गेलं?”

मामांनी सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा बरंच वाढवून. आप्पा म्हणत राहिले, “आरं, मी काय केलं? मी रसाचं इचारलं.” तरी मामांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातलीच. आप्पांनी ती क्षणभर ठेवली, हाताने चाचपून पाहिली, मग काढली. “हितं जळंल,” म्हणाले, आणि माझ्याकडे आले. “हिलाच घाला. मोजलं तिनं. आन् सांगितलं बी तिनंच.”

अशी ती शाल शेवटी मला मिळाली. नारळ तिथेच फोडला, आणि गरम गुळाबरोबर सगळ्यांनी खाल्ला. आबांनी दोनदा घेतला.

फ्लेक्सचं मी मामांना म्हटलं, उतरवून टाका. ते म्हणाले, दुरुस्त करतो. सोमवारी बसमधून पाहिलं तर ‘खाडा’ आणि ‘करणारा’ यांच्यामध्ये पांढऱ्या कागदावर मोठा ‘न’ चिकटवला होता. खाडा न करणारा तारा शोधल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. आता त्यात फक्त ‘शोधल्याबद्दल’ चूक होतं. तेवढं मी सोडून दिलं.

तो फ्लेक्स आता गुऱ्हाळात चिपाडाच्या ढिगावर ताडपत्रीसारखा अंथरलेला आहे. शनी आतल्या बाजूला गेला, माझा मिटका डोळा वर आहे.

मॅडमनी मला प्रोजेक्टमधल्या चित्रात कोऱ्या जागा राखाडी रंगवायला लावल्या. आणि त्यातल्या एकीत, न दिसलेला भडका जिथे असायला हवा तिथे, एक तुटक रेघ. परवा घरी गेले तेव्हा ते पान आप्पांना दाखवायला गुऱ्हाळात नेलं. त्यांनी हात पुसले, पान लांब धरून पाहिलं, आणि तुटक रेघेवर बोट ठेवलं.

“ह्ये त्ये मधलं व्हय?”

“हो. कुणीच बघितलं नाही ते.”

“झालं ते झालंच की,” आप्पा म्हणाले. मग काहीतरी विचारायला त्यांनी तोंड उघडलं, पण मागे काहिलीचा आवाज बदलला होता. ते वळले, आणि हात वर गेला.

मी उसाच्या मोळीवर बसले, पान मांडीवर ठेवून, आणि थांबले.